हॅलोवीनच्या पार्टीत माझ्या वाट्याला फळं आली, आता काय करू?

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीत मागच्या वर्षी राहायला आलेली एक वाचक लिहिते, "ताई, आमच्या टाउनहाऊस कम्युनिटीत ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेचारला एका शेजारणीकडे पॉटलक आहे, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ न्यायचा, नंतर सगळी मुलं मिळून ट्रिक-ऑर-ट्रीटला, म्हणजे दारोदार खाऊ मागायला जाणार. पंचवीसेक माणसं, त्यात निम्मी मुलं. बाकीच्या बायका कपकेक, पिझ्झा, कसलेकसले भुतांचे केक आणणार आहेत आणि मला मेसेज आला की तू फ्रूट प्लॅटर आणशील का. म्हणजे नुसती फळं. मी शाकाहारी आहे, नवीन आहे, म्हणून मला सोपं काम दिलं असं वाटलं. मग मी ठरवलं की असं काही करायचं की सगळे बघत राहतील, कलिंगडाचा मेंदू कोरायचे व्हिडिओ बघतेय, पण हात बसत नाहीये. नवरा म्हणतो, दुकानातून तयार ट्रे उचल आणि मोकळी हो. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात, आत्ताच पितृपक्ष झाला आणि अन्नाला कसले भुताचे डोळे लावतेस. मुलगा सहा वर्षांचा, तो म्हणतो फळं कोणी खात नाही. मी काय करू?"

अगं, आधी एक विचारते. "नुसती फळं" हे शब्द त्या शेजारणीचे की तुझे? कारण पत्रात तू जो मेसेज सांगितलायस त्यात "नुसती" कुठेच नाहीये. तिने विचारलं फ्रूट प्लॅटर आणशील का, आणि बाकीचं सगळं, म्हणजे शाकाहारी म्हणून, नवीन म्हणून, सोपं काम म्हणून, हे तू तुझ्या मनाने त्याला जोडलंस. नवीन जागी असं होतं गं, प्रत्येक मेसेजमध्ये आपण काहीतरी शोधत बसतो, मला समजतं ते. पण तू मुलांच्या बाजूने ती संध्याकाळ बघ जरा. साडेचारला मुलं येणार, शाळेतून आलेली, अर्धी भुकेली, कॉस्च्यूम घालून उड्या मारत. ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे पावणेसहा-सहाला ती बादल्या घेऊन बाहेर पडणार आणि रात्री घरी येऊन चॉकलेटं, गोळ्या, अजून चॉकलेटं. त्या आख्ख्या दिवसात त्यांच्या पोटात काही बरं जायची एकच वेळ आहे, ती हीच दीड तासाची, आणि त्या वेळेला टेबलवर जे बरं असणार आहे ते तुझं ताट. ज्या बाईने हे कधी घरी केलंय तिला हे पक्कं माहीत असतं आणि ती हे काम अशाच माणसाला देते जी ते नीट धुऊन, नीट कापून, वेळेवर आणेल अशी तिला खात्री वाटते. मी त्या बाईला ओळखत नाही, पण मला हे जास्त शक्य वाटतं.

आणि फळ हे हॅलोवीनला उपरं नाहीच मुळी. हा सण आयर्लंड-स्कॉटलंडकडून आलाय, सुगी संपून थंडी सुरू व्हायच्या वेळचा सण, आणि तेव्हा घरात असायची सफरचंदं आणि सुकामेवा. पाण्याच्या टबात सफरचंदं सोडून हात न लावता दातांनी उचलायची, दोरीला टांगलेलं सफरचंद तोंडाने पकडायचं, हे खेळ मुख्य. डॅनियल मॅक्लीज नावाच्या आयरिश चित्रकाराचं १८३३ चं एक चित्रच आहे 'स्नॅप-ॲपल नाइट' नावाचं, आयर्लंडमधल्या अशाच एका हॅलोवीन पार्टीचं. तिकडे कंदील सुद्धा सलगमसारख्या कंदाचे कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा झाला. पॅकेटमधल्या कँडीचं राज्य हे विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं, त्याच्या आधी अमेरिकेत सुद्धा दारात आलेल्या मुलांच्या हातावर सफरचंद, घरचं काहीतरी असं ठेवायचे. म्हणजे त्या टेबलावर सगळ्यात जुना मान तुझ्या ताटाचा आहे, कपकेकचा नाही.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्यात मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि तू दोन्ही एकत्र करून "त्यांचा विरोध आहे" असं म्हणतेयस. एक भुताची, दुसरी अन्नाची.

भुताचं त्यांना तू शांतपणे सांगू शकतेस. ३१ ऑक्टोबर ही ख्रिश्चन लोकांच्या ऑल सेंट्स डेची आदली रात्र, १ नोव्हेंबरला संतांची आठवण आणि २ तारखेला घरातल्या गेलेल्या माणसांची. आपल्या गोव्यात त्या दिवशी लोक दफनभूमीत जाऊन फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. म्हणजे पितृपक्षाच्या विरुद्ध जाणारं हे काही नाही, उलट बरंच जवळचं आहे, आणि साताऱ्याच्या बाईला नरक चतुर्दशीला पहाटे पायाखाली कारीट फोडणं काय नवीन आहे का, गोव्यात तर नरकासुराचे केवढे भयंकर पुतळे मुलं रात्रभर जागून करतात आणि पहाटे जाळतात. भीतीला मुलांच्या खेळात आणायची ही पद्धत आपल्याकडेही आहेच. हे वाद घालायला सांगू नकोस, चहा घेताना सहज सांग.

अन्नाचं म्हणशील तर त्या बरोबर आहेत असं माझं मत आहे. खायच्या वस्तूला किळसवाणं करायचं, लिचीचे डोळे, रक्ताळलेली बोटं, वळवळणाऱ्या अळ्या, हे मोठ्यांच्या पार्टीत ठीक असेल पण तीन-चार वर्षांची पोरं ते बघून ताटाजवळ येत नाहीत, आणि आपलं काम त्यांना ताटाजवळ आणायचं आहे. मग सासूबाईंचं ऐकूनच डिझाइन ठरव की! हसरे भोपळे, हसरी भुतं, बस. त्यांना हे सांग सुद्धा, की तुमचं पटलं म्हणून डोळे-बिळे काही करत नाहीये.

कलिंगडाच्या मेंदूबद्दल मला स्पष्ट बोलू दे. करू नकोस. ऑक्टोबरच्या शेवटी न्यू जर्सीत स्थानिक कलिंगडाचा हंगाम गेलेला असतो, जे मिळतं ते लांबून आलेलं, चवीला कसं निघेल सांगता येत नाही. साल काढलेलं कलिंगड हातात निसरडं होतं, त्यावर बारीक सुरीने नागमोडी कोरताना हात घसरायची भीती, तू लिहितेसच हात बसत नाहीये. आणि एवढं करून ते मधोमध ठेवलं की सगळे फोटो काढतात आणि कोणी कापत नाही, कारण एवढी मेहनत मोडायला माणसाला संकोच वाटतो. शेवटी सात-आठ पौंडाचं फळ आख्खंच्या आख्खं घरी परत. तुझा मुलगा म्हणतो फळं कोणी खात नाही, ते यामुळे पण असतं बघ, मोठे तुकडे, काट्याने खायचे, सुटं घेता येत नाही. एका हातात जादूची कांडी असलेल्या मुलाला दुसऱ्या हाताने एका वेळी एक उचलता आलं पाहिजे, असं आणि एवढंच ताटात ठेव.

मग काय करायचं? माझ्या मते सगळ्या फळांना तोंडं काढत बसायची गरजच नाही, आख्खं ताटच एक तोंड कर. मोठं गोल ताट किंवा पिझ्झाचा ट्रे घे, त्यात नारिंगी फळ पसर, म्हणजे मँडरिन किंवा क्लेमेंटाइन या छोट्या संत्र्यांच्या फोडी आणि खरबुजाचे एक घासाचे तुकडे, आणि त्यावर काळ्या द्राक्षांचे दोन त्रिकोणी डोळे, एक नाक, आणि लांब वाकडंतिकडं हसू. वर देठाच्या जागी किवीच्या हिरव्या फोडी. झाला जॅक-ओ-लँटर्न, म्हणजे तोंड कोरलेला भोपळ्याचा कंदील. लांबून बघितलं की लगेच कळतं काय आहे ते, कला लागत नाही, आणि मुलांनी अर्धं खाल्लं तरी पाच मिनिटांत परत भरता येतं, म्हणून थोडी फळं वेगळ्या डब्यात फ्रीजमध्ये राखून ठेव. आणि फळं निथळून, किचन टॉवेलवर कोरडी करून मग मांड, खरबुजाचं पाणी सुटलं की सगळं घसरतं आणि हसू राहत नाही.

त्याच्या बाजूला छोटे भोपळे ठेव. मँडरिन आख्खं सोलायचं, पांढरे धागे काढायचे, आणि मधल्या भोकात सेलरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा उभा खोचायचा. नवख्या माणसाला यापेक्षा सोपं आणि यापेक्षा गोड दिसणारं काही नाही, शिवाय यात कापलेली बाजूच नसते त्यामुळे काळं पडणं, पाणी सुटणं हा प्रश्न येत नाही. केळ्याची भुतं पण सुंदर दिसतात, केळं अर्धं कापून कापलेल्या बाजूवर उभं करायचं, टोकाकडे चॉकलेट चिपचे दोन डोळे आणि खाली एक तोंड, फक्त ती तिथे जाऊन शेवटच्या पंधरा मिनिटांत कर, घरून केळं कापून नेलंस तर भूत तपकिरी होऊन पोचेल. केळी जरा कडक घे, ठिपके आलेली उभी राहत नाहीत. एवढे तीन प्रकार झाले की थांब. खरंच थांब.

सफरचंद ठेवावंसं वाटलं तर जरूर ठेव, ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीत त्याच्यासारखं ताजं दुसरं काय आहे. पण कापलेलं सफरचंद काळं पडतं कारण फळातलं एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, त्यावर उपाय म्हणजे एक कप पाण्यात एक टेबलस्पून लिंबाचा रस घालून त्यात फोडी पाच मिनिटं बुडवायच्या, किंवा एक कप पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दहा मिनिटं आणि मग साध्या पाण्याने धुवायच्या. मिठाचं पाणी मला जास्त आवडतं, लिंबाची चव राहत नाही. सफरचंदाच्या दोन फोडींच्या मध्ये पीनट बटर लावून राक्षसाचं तोंड करतात ते तू व्हिडिओत बघितलं असशील. ते पीनट बटरने करू नकोस, करायचंच असेल तर सूर्यफुलाच्या बियांच्या बटरने, आणि तेही विचारून.

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण ताट कसं दिसतं यापेक्षा हे महत्त्वाचं. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट सगळ्यात असतं आणि कोणाला त्याचा त्रास होईल हे आपल्या डोक्यातच येत नाही. तिकडे जवळजवळ प्रत्येक वर्गात खाण्याची कसली ना कसली ॲलर्जी असलेलं एखाद-दुसरं मूल असतं आणि त्याच्या आईचा जीव सबंध पार्टीभर टांगणीला लागलेला असतो. काही घरांबाहेर हॅलोवीनला निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेला दिसेल तुला, त्याचा अर्थ की इथे खाऊशिवाय दुसरी छोटी वस्तू पण मिळेल, २०१४ पासून 'फेअर' नावाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने हे देशभर पसरवलं, अशाच मुलांसाठी. तर त्या मुलाला तुझ्या ताटातलं बिनधास्त घेता आलं पाहिजे. चॉकलेट चिप्सच्या पाकिटावर वाच, त्यात बहुतेक वेळा सोया आणि दूध असतं, नट्सबद्दलची सूचना पण असते. आणि तू शाकाहारी आहेस म्हणून सांगते, भुतासाठी मार्शमेलो, गमीच्या अळ्या यांत साधारण जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात, तेव्हा तेही पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नकोस.

दुसरं द्राक्षं. चार वर्षांखालच्या मुलांना आख्खं द्राक्ष द्यायचं नाही, घशात बरोबर अडकायच्या मापाचं असतं ते, उभं चिरून चार भाग करायचे, आडवं अर्धं केलं तरी गोलच राहतं त्यामुळे चालत नाही. ताटाचे डोळे आणि हसू आधीच उभं चिरलेल्या द्राक्षांचं कर, काळी साल वरच्या बाजूला ठेवलीस तर लांबून काही फरक दिसत नाही. टूथपिक अजिबात नको. धावत्या मुलांच्या हातात टोकदार काडी नको वाटते मला.

तिसरं वेळ. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं तिथलं अन्नसुरक्षेचं सांगणं आहे, तुमची पार्टी साडेचार ते सहा, म्हणजे बरोबर बसतंय, फक्त दुपारी दोनला मांडून ठेवू नकोस. आदल्या रात्री खरबूज कापून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलंस तरी चालेल, पण कापायच्या आधी साल वाहत्या पाण्याखाली ब्रशने घास, खरबुजाची साल खरखरीत असते आणि सुरी फिरली की बाहेरचं सगळं आत जातं. साबण लावायचा नाही. मँडरिन सकाळी सोललेस तरी झाकून ठेव नाहीतर वरून सुकतात.

नवऱ्याचं म्हणणं पण मी सोडून देणार नाही हं, त्यात तथ्य आहे. तू नोकरी करत असशील, त्या दिवशी मुलाचा कॉस्च्यूम, शाळेतली परेड, सगळं आहे. दुकानातून कापलेलं खरबूज आणि अननस आणायला काय हरकत आहे, महाग पडतं पण सुरीचं काम वाचतं, फक्त तारीख बघ आणि डबा गार आहे ना ते बघ. मांडणी तुझी. नवऱ्याला द्राक्षं चिरायला बसव, कारण खरा वेळ त्यातच जातो, आणि पंचवीस माणसांना माणशी पाऊण कप धरलंस तरी बाकी एवढं खायला आहे म्हटल्यावर पुरून उरेल.

आता माझ्या मनातलं एक. तुला "सगळे बघत राहतील" असं हवं होतं ना, त्यासाठी कलिंगड कोरायची गरज नाही, तुझ्या घरात सासूबाई आहेत. ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात बांधून त्यांना श्रीखंड करायला सांग, केशर जरा सढळ हाताने, छान नारिंगी होतं. फळांबरोबर बुडवून खायला तिकडे नेहमी काहीतरी डिप असतंच, क्रीम चीजचं वगैरे, त्या जागी हे ठेव. पिस्ता आणि चारोळी मात्र घालायची नाही हे त्यांना आधी सांग, नाहीतर सवयीने हात जाईल, आणि वाडगा बर्फाच्या भांड्यात ठेव, बाजूला चिठ्ठी की यात दूध आहे. डाळिंब सोलणं पण त्यांच्याकडे दे, त्या ज्या वेगाने सोलतील त्या वेगाने तुला-मला जमणार नाही, दाणे वेगळ्या वाटीत ठेव म्हणजे केळ्याला रंग लागत नाही. मोठ्यांसाठी चाट मसाला एका बाजूला, आधीच फळांवर घालू नकोस, मिठाने पाणी सुटतं. यात "आपलं काहीतरी दाखवायचं" असा ताण घेऊ नकोस, श्रीखंड नाही जमलं तर नाही, पण त्यांना बाजूला बसून नाराज व्हायच्या ऐवजी हातात काम मिळेल आणि पार्टीत कोणी येऊन "हे कोणी केलं" विचारलं की उत्तर द्यायला त्या असतील. त्यांना पार्टीला बोलावलंय ना? पत्रात तू लिहिलं नाहीयेस. बोलावलं नसेल तर विचार, पॉटलकला एक आजी जास्त झाली तर कोणी नाही म्हणत नाही.

मुलाचं "कोणी खात नाही" हे त्याला खोटं ठरवून दाखवायला जाऊ नकोस, भोपळ्यांना सेलरीचे देठ लावायचं काम त्याचं कर. स्वतः केलेलं मूल दुसऱ्यांना खायला लावतं, आणि लावता लावता दोन-तीन तोंडात जातातच.

अशाच प्रश्नाची अजून पत्रं येतात म्हणून दोन गोष्टी बाकीच्यांसाठी. ज्यांना वर्गातल्या पार्टीला न्यायचंय त्यांनी आधी टीचरला विचारा, बऱ्याच शाळांत घरी कापलेलं काही चालत नाही, तिथे आख्खी मँडरिन धुऊन, पुसून, सालीवरच मार्करने भोपळ्याची तोंडं काढा, सोलायचं नाही, कापायचं नाही, मुलं घरी घेऊन गेली तरी चालतं. आणि पुण्या-मुंबईत सोसायटीत हॅलोवीन करणाऱ्यांनी हवा बघा, बत्तीस डिग्रीच्या वर कापलेलं फळ एक तासच बाहेर ठेवायचं. काळ्या द्राक्षांचा आपल्याकडे तेव्हा हंगाम नसतो, नाशिकची द्राक्षं जानेवारीनंतर, तर डोळ्यांना काळ्या मनुका किंवा बिया काढलेला खजूर वापरा, आणि नारिंगीला पपई आहे, झकास रंग आणि स्वस्त.

तुला आज एकच काम सांगते. त्या शेजारणीला मेसेज कर, नक्की किती मुलं, चार वर्षांखाली कोणी आहे का, कोणाला कसली ॲलर्जी, आणि फ्रीजमध्ये एक डबा ठेवायला जागा होईल का. उत्तर आल्यावर मग यादी कर. आणि ताट मांडून गाडीतून नेऊ नकोस, एका वळणावर सगळं एका बाजूला जाईल, डबे ने, चार वाजता जा आणि तिच्या ओट्यावर मांड, ती पण हात लावेल.